एलियनसाठी पाठवलेली रेकॉर्ड : समोरच्याकडे प्लेअरच नसेल तर?

आमच्या घरी एक कॅसेट आहे. त्यात माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी आता नाही, आणि घरातला टेपरेकॉर्डर तर कधीच भंगारात गेला. म्हणजे आवाज घरात आहे, पण ऐकता येत नाही! मागच्या आठवड्यात ‘द फार्देस्ट’ ही डॉक्युमेंटरी बघताना मला ती कॅसेट सारखी आठवत होती. का, ते सांगतो.

डॉक्युमेंटरी कशावर आहे?

एमर रेनॉल्ड्स या आयरिश दिग्दर्शिकेची ही फिल्म २०१७ साली आली. विषय आहे नासाची व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २ ही याने. दोन्ही १९७७ मध्ये निघाली, मोठ्या ग्रहांचे फोटो पाठवले आणि पुढे जातच राहिली. व्हॉयेजर १ ने २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर २ ने २०१८ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. आता ती ताऱ्यांमधल्या अवकाशात आहेत.

दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची १२ इंची रेकॉर्ड बसवलेली आहे. कधी कुणाला यान सापडलंच, तर त्यांना आपली ओळख व्हावी म्हणून!

रेकॉर्डमध्ये काय आहे?

कार्ल सेगन आणि त्यांच्या टीमने यात ११५ चित्रं, पृथ्वीवरचे आवाज, सुमारे ९० मिनिटांचं संगीत आणि ५५ भाषांमधल्या शुभेच्छा भरल्या. त्यात आपली मराठीही आहे बरं का! आणि संगीतात गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अवघ्या अकरा दिवसांनी.

मग वाजवायची कशी?

खरी गंमत इथे आहे. आपण व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवतो तेव्हा समोरच्याकडे ती फाइल उघडणारं ॲप आहे, हे गृहीतच धरतो. एलियनच्या बाबतीत काहीच गृहीत धरता येत नाही. भाषा नाही, आकडे नाहीत, ‘सेकंद’ म्हणजे काय हेसुद्धा नाही!

म्हणून टीमने तीन गोष्टी केल्या.

१. प्लेअरचा महत्त्वाचा भाग सोबत दिला. रेकॉर्डवर ठेवायची सुई यानातच आहे. ती कुठे ठेवायची, याची आकृती कव्हरवर कोरली आहे.

२. वेळेचं माप हायड्रोजनवरून घेतलं. हायड्रोजन विश्वात सगळीकडे सारखाच असतो. त्याच्या अणूत होणाऱ्या एका ठरावीक बदलाशी जोडलेला काळ, म्हणजे सेकंदाचा साधारण ०.७ अब्जावा भाग, हे एकक धरलं. रेकॉर्डचा एक फेरा किती वेळात व्हायला हवा (आपल्या भाषेत ३.६ सेकंद), हे त्या एककात बायनरी पद्धतीने लिहिलं आहे.

३. चेक करायची सोय ठेवली. चित्रंही आवाजासारख्या सिग्नलमध्येच साठवली आहेत. एकेक उभी रेघ जोडत गेलं की ५१२ रेघांचं एक चित्र तयार होतं. पहिलं चित्र आहे साधं वर्तुळ. ते कव्हरवरही काढलेलं आहे. स्क्रीनवर वर्तुळाऐवजी अंडं दिसलं, तर समजायचं की आपलं काहीतरी चुकतंय.

शिवाय कव्हरवर युरेनियमचा छोटासा ठिपका आहे. ते युरेनियम निम्मं व्हायला सुमारे साडेचार अब्ज वर्षं लागतात. किती उरलंय ते मोजलं की यान कधी निघालं ते कळतं. फोटोवर तारीख येते ना, तसंच समजा.

कुणाला सापडेल का?

खरं सांगायचं तर शक्यता जवळजवळ शून्य. सुमारे ४०,००० वर्षांनी व्हॉयेजर १ हे ग्लीझ ४४५ नावाच्या ताऱ्याच्या ‘जवळून’ जाईल, आणि ते जवळ म्हणजे दीड प्रकाशवर्षापेक्षाही जास्त!

तरीही फिल्म संपल्यावर मला वाटलं, हजारो वर्षांनंतरच्या अनोळखी कुणासाठी या लोकांनी सुईसुद्धा सोबत दिली. आणि आपण घरच्यांसाठी काय ठेवतो? ‘एयूडी००४७’ अशा नावाची एक फाइल!

म्हणून रविवारी मित्राच्या काकांकडचा जुना डेक शोधला, कॅसेट लावली आणि फोनवर रेकॉर्ड केलं. खरखर खूप आहे. पण मधेच आजी थांबून कुणाला तरी ‘दार लाव गं’ म्हणते, तेही आलंय. फाइलच्या नावात आजीचं नाव आणि गाव टाकलं, एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवली आणि एक बहिणीला पाठवली. साल मात्र आता कुणालाच आठवत नाही.

तुमच्या घरीही अशी कॅसेट किंवा जुनं मेमरी कार्ड असेल, तर या सुट्टीत बाहेर काढा. आणि आवाज कुणाचा, कधीचा, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून लिहून ठेवा.