वादळानंतर विहिरीवर पंप लावण्यापूर्वी

किनाऱ्यावरचे आपले रंगारी, बेकरीवाले, बर्फवाले असे पुष्कळ कारागीर बांधव विहिरीच्या पाण्यावर धंदा करतात. वादळात उडालेले पत्रे आणि भिजलेला माल लगेच दिसतो. विहिरीचे नुकसान मात्र मागाहून कळते. साबणाला फेस येत नाही, कापडावर रंग एकसारखा चढत नाही, बॉयलरमध्ये थर बसतो. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम व कॅल्शियमची ही करामत.

जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. साधारण हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट उंच असेल, तर समुद्रपातळीखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. बेसुमार उपसा करून वरचा एक फूट घालवला की खालची ४० फुटांची पुंजी हळूहळू बुडीत निघते.

मोठ्या लाटा सतत फुटत राहिल्या की किनाऱ्याशी पाण्याची सरासरी पातळी फूट-दीड फूट चढून राहू शकते. तेवढ्या दाबाने खारे पाणी वाळूत रेटले जाते. समुद्र शांत झाला की हा दाब ओसरतो. जास्त घात वरून होतो. उधाण बांध ओलांडून आत आले, खळग्यांत साचले, की ते जड पाणी झिरपत खाली उतरते. मे २००९ च्या आयला वादळात सुंदरबनचे बांध फुटून गावोगावची गोडी तळी खारट झाली होती. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून शंभर लिटरमागे तीन लिटर मिसळले तरी चव बिघडते.

अशा वेळी मोठा पंप लावून विहीर पुन्हा पुन्हा कोरडी करण्याची घाई होते. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर श्रीलंकेत हेच झाले. फार उपसलेल्या विहिरींत आजूबाजूचे आणि खालचे खारे पाणी ओढले गेले. आधी आवारात साचलेले पाणी चर खणून बाहेर काढावे, विहिरीतला गाळ-कचरा एकदा बेताने उपसावा आणि थांबावे. क्षार धुऊन काढण्याचे काम पावसाचे. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेस धडकले, तेव्हा पावसाळा तोंडावर होता. ऑक्टोबरनंतरच्या वादळाला ही सवलत नाही. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत रंगाचे काम टँकरच्या पाण्यावर धरावे.

क्षार मोजायचे छोटे टीडीएस मीटर बाजारात स्वस्तात मिळते. चांगल्या दिवसांतला आकडा वहीत टिपलेला असला, तर नंतरच्या आकड्याची तुलना करता येते.