पंचनाम्यातील एक रकाना

बेंगळूरच्या जे. पी. नगरातील ज्या बिऱ्हाडात बसून मी हे लिहितो, ते समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच आणि कोणत्याही किनाऱ्यापासून तीनशेक किलोमीटर दूर असल्यामुळे, येथे दर्याची आठवण व्हावी असे बाह्य कारण काही नाही. परंतु कोपऱ्यावरच्या मासळीच्या दुकानात बर्फाखाली निजलेली कोळंबी दिसली, की गुहागरच्या पुळणीवर पाहिलेला एक पंचनामा मला हटकून आठवतो.

श्रावण लागला होता; 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदीची मुदत सरून होड्या पुन्हा दर्यावर गेल्याला फार दिवस झाले नव्हते. भरतीने टाकलेल्या सुरूच्या फांद्या, नारळाची सोडणे आणि बेवारस चपला यांच्या ओळीतच ते कासव पडले होते. डोळे कावळ्यांनी आधीच नेले होते. वनरक्षकांनी शिंप्याकडे असते तशी टेप काढून ती मानेमागच्या कडेपासून शेपटाकडच्या टोकापर्यंत पाठीच्या वळणावर अलगद बसवली आणि 67 सेंटिमीटर हा आकडा पुकारला. सोबतच्या कासवमित्राने कण्याच्या दोहों बाजूंचे खवले बोटाने मोजले, कारण हिरव्या कासवास ते चार-चारच असतात आणि ऑलिव्ह रिडलेस त्याहून अधिक. डावीकडे सहा, उजवीकडे सात भरले. शेपूट आखूड, म्हणजे मादी.

“जखम कुठे दिसते का, भाऊ?” मी विचारले.

“ओरखडासुद्धा नाही, साहेब. बुडालेल्याला कसली जखम?”

जन्मभर पाण्यात राहणारा जीव पाण्यात बुडून मरतो, हे ऐकण्यास चमत्कारिक वाटते. तथापि कासव श्वास फुप्फुसांनी घेते, आणि ट्रॉलच्या खोळीत कोळंबीबरोबर सापडून तासन् तास ओढले गेले, की वर येण्याची वाट त्यास उरत नाही. जाळ्याच्या गळ्याशी सळ्यांची तिरपी चौकट बसवून बाहेर पडण्यास फट ठेवली, तर कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि कासव फटीतून सुटते. पण त्याच फटीतून मासळीही निसटेल ही नाखव्याची धास्ती, जी मला सर्वस्वी अप्रामाणिक वाटत नाही, अद्याप गेलेली नाही, आणि अमेरिकेने 2019 पासून आपल्या समुद्रातील कोळंबी अशी चौकट नसल्याच्या कारणास्तव नाकारली तरीही ती गेली नाही. जाळे कापून संरक्षित जीव सोडणाऱ्यास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तजवीज महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2018 मध्ये केली, ती स्तुत्यच. परंतु अर्जास जोडावयाचे छायाचित्र काढण्यास कासव जिवंत वर यावे लागते. आणि तुटून वाहणारी नायलॉनची जाळी तर बंदीचा हुकूमही जुमानत नाहीत. डहाणूच्या उपचार केंद्रात येणाऱ्या कित्येक कासवांचे वल्ह्यासारखे पाय त्यांच्याच फासाने निकामी झालेले असतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून वेळासला अंडी राखण्याचा जो उद्योग आरंभिला, तो पुढे किनाऱ्यावरील अनेक गावांनी उचलला, आणि पूर्वी टोपलीत जाणारी अंडी आता कुंपणात उबतात. मात्र पिल्लू वयात येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. माझ्यासमोर पडलेली मादी अशाच एखाद्या कुंपणातून दर्याकडे धावली असेल काय, हे सांगण्याचे साधन त्या टेपेत नव्हते.

तीच मादी दुसऱ्यांदा मोजली जाऊ नये म्हणून पाठीवर रंगाचा पट्टा ओढला गेला आणि भरतीरेषेच्या वर खड्डा खणण्यास सुरुवात झाली. कुजण्यास आरंभ झाला असल्याने शवविच्छेदनातून काही निष्पन्न होण्याजोगे नव्हते. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वनरक्षकांनी जरा थांबून “निश्चित नाही” असे लिहिले. दुसरा पंच मिळेना, तेव्हा कागद माझ्यापुढे आला. मी नाव लिहून खाली जे. पी. नगर, बेंगळूर हा पत्ता घातला.

“तिथे समुद्र आहे काय हो?” त्यांनी विचारले.

“नाही,” मी म्हणालो, “कोळंबी मात्र रोज मिळते,” आणि सही केली.