खेळ आणि इंग्रजी क्रियापदे

डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हे गाव महाराष्ट्राच्या सीमेजवळ वसलेले आहे. या परिसरातील पुष्कळ मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून होते. माध्यमिक शाळेत मात्र त्यांची गाठ इंग्रजी माध्यमाशी पडते. तेथे ‘फावल्या वेळात काय करतोस?’ असा प्रश्न आला म्हणजे पोहण्यात पटाईत असलेला मुलगाही ‘आय प्ले स्विमिंग’ असे सांगून मोकळा होतो. वर्गात हशा पिकतो आणि पुढच्या वेळी तो उत्तरच देत नाही.

या चुकीचे मूळ मराठीच्या सवयीत शोधावयास हवे. मराठी मुले विटीदांडू खेळतात, पतंग उडवितात, सूर्यनमस्कार घालतात, जोर काढतात, सूर मारतात. मुली फुगडी घालतात. ही क्रियापदे कोणी शिकविलेली नसतात. ती कानांवर पडून अंगवळणी पडतात. इंग्रजीत बहुतेक काम तीन क्रियापदांवर भागते.

ज्यात प्रतिपक्ष असतो व हारजीत ठरते, त्या खेळांना ‘प्ले’ लागते: प्ले फुटबॉल, प्ले चेस, प्ले कार्ड्स. ज्यासाठी बाहेर पडावे लागते व ज्याच्या नावाअखेरीस ‘इंग’ असते, त्याला ‘गो’: गो स्विमिंग, गो फिशिंग, गो सायकलिंग. मराठीतील ‘पोहायला जाणे’ याच धाटणीचे आहे. फक्त त्यातल्या ‘ला’पायी ‘गो टु स्विमिंग’ म्हणू नये. व्यायाम, कसरत व कराटेसारख्या विद्या यांना ‘डू’ शोभते: डू योगा, डू जिमनॅस्टिक्स, डू कराटे.

नियमाला अपवाद असावयाचेच. वेटलिफ्टिंगच्या अखेरीस ‘इंग’ असले तरी तेथे ‘डू’च येते. ‘थोडेसे पोहणे’ सांगावयाचे असता ‘डू सम स्विमिंग’ हेही शुद्ध ठरते.

१९६१ पर्यंत गोव्यात राज्यभाषा असलेल्या पोर्तुगीजमध्ये, मराठीप्रमाणेच, खेळाला एक व वाद्याला दुसरे क्रियापद आहे. इंग्रजीत दोहोंना ‘प्ले’च, मात्र वाद्यापूर्वी बहुधा ‘द’ येतो, जसे ‘प्ले द व्हायोलिन’. खेळाच्या नावापूर्वी तो येत नाही.

सामना संपल्यावरही एक खाचखळगा उरतो. मराठीत सामना जिंकता येतो, तसेच प्रतिस्पर्ध्यालाही जिंकता येते. इंग्रजीत ‘विन’ सामन्यापुरते. प्रतिपक्षाला हरविले तर ‘बीट’ म्हणावे. ‘वुई वन देम’ हे वाक्य म्हणूनच खटकते.

तेव्हा खेळाचे नाव एकटे पाठ करण्यापेक्षा क्रियापदासह म्हणण्याचा परिपाठ मुलांना लावणे हितावह. ‘फुगडी’ म्हणताच ‘घालणे’ जसे ओठांवर येते, तसेच ‘स्विमिंग’ म्हणताच ‘गो’ येऊ लागेल. आणि ज्याला पोहता येते, त्याला ते चारचौघांत निःसंकोचपणे सांगताही येईल.