दरपत्रकांची तुलना : कोष्टक कोठवर पुरते?

एखाद्या ग्रंथालयास पोलादाची चाळीस कपाटे घ्यावयाची आहेत असे समजू. तीन पुरवठादारांची दरपत्रके आली आहेत. पहिल्याचा दर नगास 9,000 रुपये. कर व वाहतूक निराळी. दुसऱ्याचा दर 10,700 रुपये. त्यात सर्व काही आले. तिसरा 8,700 रुपये मागतो. कर निराळा, माल पोचवून देण्याची हमी. मात्र संपूर्ण रक्कम त्यास आगाऊ हवी. वरवर पाहणाऱ्यास तिसरा स्वस्त, पहिला त्याच्या खालोखाल आणि दुसरा महाग वाटेल. परंतु हे तीन आकडे एका जातीचे नाहीत. एकाचे वजन शेरात आणि दुसऱ्याचे किलोग्रॅममध्ये सांगावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणून तुलनेची पहिली पायरी म्हणजे सर्व दर एकाच मापात आणणे. माल आपल्या दारात येऊन पडेपर्यंत एकंदर किती रुपये खर्ची पडतील, हे ते माप होय. कर शेकडा 18 धरला, तर पहिल्याची चाळीस कपाटे 4,24,800 रुपयांस पडतात. वाहतुकीचे 12,000 मिळवले की बेरीज 4,36,800 होते. दुसऱ्याची रक्कम 4,28,000. तिसऱ्याची करासह 4,10,640. पण हे पैसे इतरांपेक्षा चार महिने आधी मोजावयाचे आहेत. दरसाल दरशेकडा 12 व्याज धरल्यास चार महिन्यांचे सुमारे 16,426 रुपये होतात आणि एकूण आकडा 4,27,066 वर जातो. नगामागे दोन हजारांचे भासणारे अंतर आता सर्व मालावर मिळून हजाराच्याही आत आले. शिवाय तिसऱ्याकडे पैसे अडकून पडण्याची जोखीम आहेच. जो पहिला पुरवठादार दुसऱ्याहून स्वस्त दिसत होता, तो तर सर्वांत महाग ठरला.

हे गणित कागदावरही होते. सरकारी कचेऱ्यांत ज्यास तुलनात्मक तक्ता म्हणतात, तो संगणकाच्या कितीतरी आधीपासून हातानेच आखला जात असे. त्यातील अडचण एवढीच, की एक आकडा बदलला तर त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे खोडून पुन्हा मांडावे लागत. हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण संस्थेत शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांनी फळ्यावर नेमकी हीच खोडाखोड पाहिली, आणि तिच्यातून त्यांना स्प्रेडशीटची कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांच्या साह्याने 1979 साली त्यांनी ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आणले. त्यात 63 रकाने व 254 ओळी होत्या. घरात आकड्याऐवजी सूत्र लिहावे आणि मूळ आकडा बदलताच उत्तर आपोआप बदलावे, हा त्याचा गाभा आजच्या सर्व स्प्रेडशीटांत कायम आहे. व्याजाचा दर 12 ऐवजी 9 केला तर काय होईल, हे क्षणात कळते; तिसरा पुरवठादार पुन्हा काही हजारांनी स्वस्त होतो.

दराखेरीज गुणवत्ता, मुदत, दुरुस्तीची सोय यांनाही गुण देता येतात. येथे मात्र एक पथ्य पाळावे लागते. कोणत्या गोष्टीस शंभरांपैकी किती गुण, हे लिफाफे उघडण्यापूर्वी ठरले पाहिजे. दर दिसल्यानंतर गुणांची वाटणी ठरवू लागले, तर मनातला पुरवठादार हटकून पहिला येतो, आणि कोष्टक त्या निवडीस केवळ शास्त्राचा मुलामा देते.

कोष्टक चुकते तेव्हा ते गप्प राहून चुकते. हवाई विद्यापीठातील रेमंड पँको यांनी प्रत्यक्ष वापरातील कोष्टकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य कोष्टके सदोष आढळली. मोठ्या व्यवहारात अशा चुकीची किंमत केवढी होते, हे ब्रिटनमध्ये 2012 साली दिसले. लंडनहून ग्लासगोकडे जाणाऱ्या पश्चिम किनारी रेल्वेमार्गाचा ठेका फर्स्टग्रुप कंपनीस देण्याचा निर्णय तेथील वाहतूक खात्याने ऑगस्टमध्ये जाहीर केला. प्रतिस्पर्धी व्हर्जिन कंपनी न्यायालयात गेली. खात्याने आपले हिशेब पुन्हा तपासले आणि 3 ऑक्टोबरला निर्णय मागे घेतला. ठेकेदाराने जोखमीपोटी किती भांडवल बाजूस ठेवावे, हे ठरविण्यास खात्याने भलत्याच कामासाठी रचलेले गणिती प्रतिमान वापरले होते. त्यातून निघणाऱ्या रकमा महागाई वगळून स्थिर किंमतींत होत्या. त्या मात्र चालू किंमतींतील समजून घेतल्या गेल्या. चार स्पर्धकांस त्यांच्या खर्चापोटी सुमारे 4 कोटी पौंड परत करण्याची पाळी सरकारवर आली.

ही चूक शेर आणि किलोग्रॅम यांचीच होती. महागड्या सॉफ्टवेअरने ती टळली असती असे नाही. चुकीचे माप कोणत्याही यंत्रात घातले तरी उत्तर चुकीचेच येणार. म्हणून कोष्टक सोडून खरेदीचे सॉफ्टवेअर घ्यावे की काय, असा प्रश्न पडेल तेव्हा दोष तुलनेत आहे की साधनात, हे आधी पाहावे.

साधन अपुरे पडू लागल्याची खूण ओळींच्या संख्येत सहसा सापडत नाही. एक्सेलमध्ये 2007 सालापासून 10,48,576 ओळी मावतात. ती खूण माणसांच्या संख्येत असते. एकच माणूस वर्षातून तीनचार खरेद्या करीत असेल, तर स्प्रेडशीट त्यास खुशाल पुरते. पण तोच तक्ता तीन विभागांत फिरू लागला, त्याच्या ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ अशा प्रती निघाल्या, आणि मंजुरी कोणत्या प्रतीवर मिळाली हे सांगता येईना, म्हणजे वेळ आली असे समजावे. पुरवठादाराने मागील खेपेस माल किती दिवस उशिरा दिला, किती नग परत गेले, ही माहिती निराळ्या फायलींत विखुरली असेल, तर तीही दुसरी खूण होय. तिसरी खूण लेखापरीक्षक दाखवून देतो : हा आकडा कोणी, केव्हा बदलला, असे तो विचारतो. साध्या स्प्रेडशीटमध्ये याचे उत्तर बहुधा नसते. सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची नोंद ठेवते आणि ठरलेल्या घटकेपूर्वी दर कोणासही दिसू देत नाही. भारत सरकारने ऑगस्ट 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘जेम’ या ई-बाजारपेठेत सरकारी खात्यांची तुलना आता अशाच रीतीने होते.

तेथे जातानाही एक कष्टाचे काम चुकत नाही. जुन्या तक्त्यांत एकाच पुरवठादाराचे नाव कोठे ‘आणि कंपनी’, कोठे ‘अँड कं.’, कोठे नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलेले असते. माणसास तो एकच असल्याचे कळते. यंत्र त्यास तिघे समजते आणि त्याच्या उशिराचे दिवस तिघांत वाटून टाकते. ही नावे कोणीतरी बसून, एकेक ताडून, एक करावी लागतात. शहाणा कारकून हे काम सॉफ्टवेअर येण्याच्या आधी, स्प्रेडशीटमध्येच उरकून घेतो.