कापूर पेटला तर? कच्चा माल घेण्याआधी ठरवायच्या गोष्टी



कापूर वड्यांच्या व्यवसायावरचे प्रश्न ठरलेले असतात. मशीन केवढ्याला मिळेल? किलोमागे किती सुटतात? पॅकिंग कुठून घ्यायचं? हे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. काम चालू असताना माल पेटला, तर पहिल्या पाच मिनिटांत नक्की काय करायचं? आज आपण तेच बघणार आहोत.

पेट्रोल किंवा थिनरची आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण जपून राहतो. कापूर, गंधक, डांबर गोळ्या, आगपेट्या मात्र रोजच्या वस्तू. पावडर असते, वडी असते, सांडली तर वाहत जात नाही. त्यामुळे "याने काय होणार?" असं वाटतं. मालवाहतुकीच्या नियमांत याच वस्तू "ज्वालाग्राही घन पदार्थ" म्हणून धोकादायक मालात मोडतात. देवघरातली एक वडी आणि खोलीतली २५ किलोची गोणी यात फरक आहे, हे आधी डोक्यात बसू द्या.

कापूर पेटतो कसा?

कापूर न वितळताही हवेत उडत राहतो. डबा उघडा राहिला की वडी लहान होते, ती यामुळेच. ही वाफ हवेपेक्षा साधारण पाचपट जड असते, म्हणजे बंद खोलीत ती खाली, जमिनीलगत जमते. कापराचा फ्लॅश पॉइंट साधारण ६६ अंश सेल्सिअस आहे. याचा अर्थ, पेट्रोलसारखा तो थंड असताना लांबच्या ठिणगीने भडकत नाही. पण काडी, दिवा, शेगडी किंवा तापलेली मोटर थेट जवळ आली की लगेच पेटतो.

दुसरी गोष्ट पावडरची. वडी वरून जळते, पण हवेत उडालेल्या बारीक पावडरीचा प्रत्येक कण एकदम जळतो. बंद खोलीत असा ढग पेटला तर स्फोटही होऊ शकतो. गंधक आणि धातूंची पावडर यांनाही हेच लागू आहे.

आग नाही, फक्त माल सांडलाय

गोणी फाटली, ट्रे उलटला. घाई करू नका. क्रम असा ठेवा:

१. जवळपासचा दिवा, अगरबत्ती, शेगडी बंद. सिगारेट-विडीचा तर प्रश्नच नाही.
२. बाकीच्यांना बाहेर जायला सांगा. दारं-खिडक्या उघडा.
३. हवेत पावडर उडालेली दिसत असेल तर आतले दिवे-पंखे चालूही करू नका आणि बंदही करू नका. बटण दाबताना ठिणगी पडते. बाहेर मीटरजवळचा मेन स्विच असेल तर तिथून वीज बंद करा.
४. पावडर खाली बसू द्या. मग प्लास्टिकच्या किंवा लाकडी सुपलीने हलक्या हाताने भरा आणि कोरड्या, स्वच्छ डब्यात ठेवा. झाकण सैल राहू द्या.
५. जोरात झाडू मारू नका, ब्लोअर लावू नका, घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. तिघंही पावडर उडवतात, आणि व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये ठिणगीही असते.

भरलेला माल परत मशीनमध्ये घालायचा मोह होतो, कारण पैसे गेलेले दिसतात. पण त्यात खडा किंवा लोखंडाचा चुरा असेल तर मशीनमध्ये घर्षण होतं. तो माल वेगळाच ठेवा. गटारात तर अजिबात सोडू नका.

आग लागली आहे

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिलं काम आग विझवणं नाही. पहिलं काम ओरडून सगळ्यांना बाहेर काढणं. दुसरं काम फोन. ११२ किंवा १०१ लावा आणि चार गोष्टी सांगा: पत्ता आणि जवळची खूण, काय जळतंय, अंदाजे किती किलो आहे, आणि आत कोणी माणूस किंवा गॅस सिलिंडर आहे का. "दुकानाला आग लागली" यापेक्षा "कापूर पावडर, साधारण ५० किलो" हे वाक्य जवानांच्या फार उपयोगाचं असतं.

यानंतरच विझवण्याचा विचार. आणि तोही या चारही गोष्टींचं उत्तर "हो" असेल तरच:

- आग अजून एका घमेल्याएवढीच आहे.
- बाहेर जायचं दार तुमच्या पाठीमागे आहे, आगीच्या पलीकडे नाही.
- हातात चालू स्थितीतलं अग्निशामक आहे आणि ते कसं वापरायचं ते तुम्हाला येतं.
- धूर अजून खोलीत भरलेला नाही.

एकाचंही उत्तर "नाही" असेल तर बाहेर पडा आणि जाताना दार ओढून घ्या. कापराचा धूर काळा, काजळीचा असतो. काही क्षणांत दार दिसेनासं होतं.

विझवताना एबीसी पावडरचं अग्निशामक दोन-अडीच मीटरवरून, आगीच्या बुडाशी, डावीकडून उजवीकडे फिरवत मारा. अगदी जवळून मारलं तर त्याच्या जोराने कापराची पावडर उडेल आणि आग पसरेल. ६ किलोचं अग्निशामक साधारण पंधरा-वीस सेकंदांत संपतं. म्हणजे एक प्रयत्न. नाही विझली तर दुसऱ्या डब्यासाठी शोधाशोध न करता बाहेर. एखादा ट्रेच पेटला असेल तर पत्र्याचं झाकण कडेने सरकवत ठेवा, किंवा कोरडी वाळू कडेकडून हळू पसरा. वाळूही फेकायची नाही.

"बादलीभर पाणी ओतलं तर?" हा प्रश्न नेहमी येतो. पाण्यावर तरंगत जळणारा कापूर तुम्ही पाहिला असेल. कापूर पाण्यापेक्षा किंचित हलका असतो. एकदम बादली ओतली तर पेटलेले तुकडे पाण्याबरोबर वाहत दुसऱ्या गोणीपर्यंत जातात. शिवाय वायरिंग चालू असेल तर शॉकची भीती. पाण्याचा बारीक फवारा चालतो, जोराची धार नाही. मोठ्या आगीवर फवारा मारण्याचं काम अग्निशमन दलाचं.

सगळ्या पावडरी सारख्या नाहीत

तुम्ही कापूर करत नसाल, दुसरं काही ठेवत असाल, तर हे वाचा:

- गंधक: कृषी सेवा केंद्रात किंवा द्राक्षबागायतदारांकडे हमखास असतं. ज्योत निळी आणि फिकी, उन्हात पटकन दिसत नाही. धुरात सल्फर डायऑक्साइड असतो, घसा आणि फुप्फुसं जाळतो. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभे राहा.
- डांबर गोळ्या: तापल्या की वितळतात आणि पेटता द्रव पसरतो. वाफ नाकातोंडात जाऊ देऊ नका.
- ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम पावडर: पाणी नाही, सीओटू नाही, साधं एबीसीही नाही. धातूच्या आगीसाठी डी वर्गाची वेगळी पावडर असते. ती किंवा पूर्ण कोरडी वाळू नसेल तर लांब जा.
- कॅल्शियम कार्बाइड: वेल्डिंगवाल्यांकडे असतं. पाणी लागलं की ॲसिटिलीन गॅस तयार होतो. यावर पाणी म्हणजे आगीत तेल.

गोणीवरचा चौकोनी शिक्का बघायची सवय लावा. लाल-पांढरे उभे पट्टे म्हणजे ज्वालाग्राही घन. वर पांढरा, खाली लाल म्हणजे आपोआप पेटू शकणारा माल. पूर्ण निळा म्हणजे पाण्यापासून लांब ठेवायचा माल. आणि पुरवठादाराकडून बिलाबरोबर एमएसडीएस मागून घ्या. त्यातला चौथा भाग प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा, सहावा सांडलवंडीचा. हे तीन भाग मराठीत लिहून भिंतीवर लावा.

माणूस भाजला तर

कपडे पेटले तर पळू देऊ नका. थांबा, जमिनीवर झोपा, लोळा. भाजलेल्या जागी नळाचं साधं पाणी २० मिनिटं सोडा. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेलं कापड किंवा वितळून चिकटलेला माल ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काही नाही. स्वच्छ कापड सैल झाका आणि १०८ ला फोन करा.

घरातूनच काम असेल तर लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका. कापूर पोटात गेला तर थोड्या वेळात झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा.

हे एवढं गंभीर का?

८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवडे इथे केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या युनिटला आग लागली. त्याच दिवशी सहा जणांचा जीव गेला, आणि नंतर उपचार घेताना आणखी काहींचा. वाढदिवसाची मेणबत्ती, इतकी साधी वस्तू. कापूर वेगळा आणि ती दारू वेगळी, हे खरं. पण लहान जागा आणि पेटणारा माल ही जोडी दोन्हीकडे सारखीच आहे.

सुरू करण्याआधीची यादी

- एका दिवसाच्या कामाला लागेल तेवढाच माल मशीनजवळ. बाकीचा वेगळ्या, हवेशीर, बंद जागेत, ब्लीचिंग पावडर आणि गॅस सिलिंडरपासून लांब.
- मशीन आणि दार यांच्यामध्ये गोण्या रचायच्या नाहीत. शक्य असेल तर बाहेर जायला दोन वाटा.
- आयएसआय मार्कचं ६ किलोचं एबीसी अग्निशामक दाराजवळ, आतल्या कोपऱ्यात नाही. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या.
- कामावर सुती कपडे, पदर आणि ओढणी खोचलेली.
- परवानगी काय लागते ते आपल्या महापालिका किंवा नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात विचारा. महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे.
- विमा. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी मिळते. फॉर्ममध्ये कापूर लपवून "पूजा साहित्य" असं मोघम लिहू नका. क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं.

शेवटचं एक काम याच आठवड्यात करा. जे कोणी तुमच्याबरोबर काम करतात, मग घरचेच का असेनात, त्यांना बोलवा. कोण ओरडणार, कोण फोन करणार, मेन स्विच कोण बंद करणार आणि बाहेर कुठे जमून मोजणी करायची, हे नावानिशी ठरवा. एकदा घड्याळ लावून सगळे बाहेर पडून बघा. आणि त्यांना तुमच्या तोंडून एक वाक्य ऐकू द्या: "माल जळाला तरी चालेल, कोणी परत आत जायचं नाही." मालकाने हे आधी सांगितलेलं नसेल, तर कामावरची बाई तुमची गोणी वाचवायला आत धावते.