माल समुद्राने येतो, पोचतो रस्त्याने

पोलादपूरला समुद्र नाही. तरी तस्करी हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-गोवा महामार्ग गावाला लागून जातो आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला चढणारा रस्ता इथेच फुटतो. गोव्याची चोरटी दारू राज्य उत्पादन शुल्क विभाग याच महामार्गावर पकडतो. कोकणातल्या जंगलातला खैर कात भट्ट्यांसाठी तोडला जातो. ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा नाही, ड्रायव्हरजवळ वाहतूक पास नाही, तर लाकडाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते.

बोलताना या सगळ्याला आपण तस्करीच म्हणतो. पण कायदे वेगळे: दारूला दारूबंदी कायदा, लाकडाला वन कायदा, परदेशी मालाला १९६२ चा सीमाशुल्क कायदा. या शेवटच्या कायद्यातली तस्करीची व्याख्या बारकाईने वाचावी अशी आहे. माल जप्तीला पात्र ठरेल अशी कोणतीही कृती म्हणजे तस्करी, आणि करायला हवं होतं ते न करणं, हेही तिच्यात धरलेलं आहे.

या 'न करण्या'ची किंमत रायगड जिल्ह्याला ठाऊक आहे.

९ जानेवारी १९९३ ला दिघीला चांदी आणि शस्त्रं उतरली. ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले. पुढे जे झालं ते न्यायालयाच्या नोंदीत आहे: रक्कम ठरली, पण तेवढी रोकड जवळ नव्हती, म्हणून मालातल्याच चांदीच्या विटा पोलिसांकडे तारण राहिल्या आणि ट्रक सुटले. फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. तो माल वांगणी टॉवरपाशी नेऊन, गाड्यांमध्ये केलेल्या चोरकप्प्यांत भरून मुंबईला गेला. १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसं गेली.

होडीवाल्याला दोष देणं सोपं असतं. पण होडीचं काम वाळूवर संपतं. तिथून मुंबईपर्यंत प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक नाक्यावर कुणीतरी गाडी सोडावी लागते, आणि खरी तस्करी तिथे होते. टाडा न्यायालयानेही तसंच पाहिलं. २००७ मध्ये शिक्षा झालेल्यांत पोलीस होते, कस्टमचे अधिकारी होते. त्यातले अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना जन्मठेप झाली. २१ मार्च २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही खात्यांवर कडक ताशेरे ओढले.