व्यसनमुक्ती केंद्र निवडताना

व्यसनमुक्ती केंद्राचा शोध घरात सहसा शांतपणे घेतला जात नाही. मुलाने आईचे दागिने विकल्याचे उघडकीस आल्यावर किंवा पिऊन आलेल्या वडिलांनी पुन्हा एकदा हात उगारल्यावर, रात्री-अपरात्री तो सुरू होतो. शेजारीपाजारी कुणीतरी एक दूरध्वनी क्रमांक देतो, पलीकडून 'गाडी पाठवू का?' अशी विचारणा होते आणि तासाभरात चार धिप्पाड माणसे रुग्णाला उचलून नेतात. त्या रात्री घरच्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागते, हे खरे. पण आपला माणूस जेथे गेला तेथे डॉक्टर आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यांना दुसऱ्या दिवशी पडतो. आणि तोवर आगाऊ रक्कम भरून झालेली असते.

या घाईला परिस्थितीही जबाबदार आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे आणि दाखल होऊन उपचार घेणारे १८० जणांत एकच असल्याचे त्यातून दिसून आले. मागणी एवढी आणि सोय इतकी तोकडी असली की, पोकळी भरून काढण्यास कुणीही पुढे सरसावतो. भाड्याच्या बंगल्याला जाळ्या ठोकून, दारावर 'व्यसनमुक्ती केंद्र' अशी पाटी लावून चालणाऱ्या जागा आज अनेक शहरांत आहेत. अशा ठिकाणी मारहाण झाल्याच्या, प्रसंगी रुग्ण दगावल्याच्या बातम्याही देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत असतात.

म्हणून केंद्राआधी गाठावयाचा तो मनोविकारतज्ज्ञ. तो खासगीच हवा असे नाही. मुंबईतील केईएम, पुण्यातील ससून यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. कोणता पदार्थ, किती वर्षे, दिवसाकाठी किती, शेवटचे सेवन कधी, यापूर्वी सोडताना झटके आले होते काय, मधुमेह, यकृताचा विकार किंवा क्षयरोग आहे काय, आत्महत्येचे विचार येतात काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचा मार्ग ठरतो. प्रत्येक व्यसनी माणसाला चार भिंतींआड ठेवण्याची आवश्यकता नसते. घरचा आधार आहे, नोकरी टिकून आहे, सोडताना गंभीर त्रास झाल्याचा पूर्वेतिहास नाही, अशा अनेकांवर बाह्यरुग्ण विभागातही उपचार होऊ शकतात. दाखल होण्याचा सल्ला आपण देण्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेला बरा.

दाखल करायचे ठरले, तर पहिल्या आठवड्याची व्यवस्था सर्वांत आधी विचारावी. बहुसंख्य कुटुंबांना येथील धोक्याची कल्पना नसते. गर्द किंवा अफूजन्य पदार्थ अचानक बंद केले की जी 'टर्की' लागते, ती भयंकर वेदनादायी असते. अंग मोडून येते, जुलाब-उलट्या होतात, झोप उडते. पण त्याने जीव जाण्याचा प्रसंग क्वचित येतो. दारूचे तसे नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी रुग्ण भ्रमिष्ट होतो, नसलेली माणसे आणि किडेमुंग्या त्याला दिसू लागतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. उपचार न मिळाल्यास ही अवस्था प्राणघातक ठरते. काही शहरांत 'बटन' किंवा 'कुत्ता गोळी' या नावांनी विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्यासही झटके येण्याचा धोका असतो. 'दोन दिवस कोंडून ठेवा, आपोआप उतरेल' हा सल्ला या रुग्णांबाबत किती घातक आहे, हे यावरून कळेल. या काळात योग्य औषधे क्रमाक्रमाने कमी करीत द्यावी लागतात, 'ब १' जीवनसत्त्व द्यावे लागते, रक्तदाब-नाडी पाहणारी परिचारिका रात्रीही जागी असावी लागते. तेव्हा डॉक्टर किती वाजता येतात, रात्री फिट आल्यास काय करता आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. उत्तर देताना चालक चाचरला, तर तेथून निघावे.

मेफेड्रोन म्हणजे 'एमडी'चे प्रकरण थोडे वेगळे. त्याची तलफ मारणारे खात्रीचे औषध नाही. तेथे समुपदेशन आणि वागणुकीत बदल घडवणारे उपचारच मुख्य. याउलट गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे दीर्घकाळ देण्याची पद्धत शास्त्रमान्य आहे. 'आम्ही एकही गोळी देत नाही' असे अभिमानाने सांगणारे केंद्र अशा रुग्णाला उपयुक्त उपचारापासून दूर ठेवत असते.

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती आपल्याकडे भिंतींवर आणि लोकल गाड्यांत वर्षानुवर्षे झळकत आल्या आहेत. दारूची शिसारी आणणारे डायसल्फिराम हे औषध मान्यताप्राप्त आहे. पण ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, तपासण्या करून, देखरेखीखाली द्यावयाचे असते. वरणात-भाजीत ते गुपचूप मिसळले आणि तो माणूस बाहेर जाऊन प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. नाव नसलेल्या पुड्यांत काय असते, हे तर देणाराच जाणे.

कायद्याची बाजू मात्र अलीकडे बरीच स्पष्ट झाली आहे. मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव मानसिक आजारात होतो. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. भिंतीवर टांगलेले धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र म्हणजे ही नोंदणी नव्हे. रुग्ण स्वतः तयार नसेल तेव्हा नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला दाखल करता येते. परंतु त्यासाठी मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि ही मुदत प्रथम तीस दिवसांपर्यंतचीच असते. साखळदंडाने बांधणे, एकांतकोठडीत टाकणे, सक्तीने डोके भादरणे यांना कायद्याने मनाई आहे. 'शिस्त लागावी म्हणून' रुग्णांकडून सक्तीने कामे करवून घेता येत नाहीत. भेटीगाठी आणि दूरध्वनी यांचाही रुग्णाला हक्क आहे. पहिले दोन-तीन महिने कुणालाही भेटू न देणाऱ्या केंद्राविषयी संशय घेणे हे घरच्यांचे कर्तव्यच मानावे लागेल.

चांगला उपक्रम कसा असतो, याचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात गर्दचा विळखा पडू लागला असताना अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये 'कृपा फाउंडेशन' स्थापन केले. दोन्हींची घडण निराळी, तरी एक गोष्ट समान आहे: रुग्णाला गुन्हेगार न मानता आजारी मानणे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते म्हणून नव्या रुग्णांबरोबर बसतात, दिवसाला वेळापत्रक असते, गटचर्चा होतात आणि पत्नी, आईवडील यांनाही उपचारांत बोलावले जाते. 'मुक्तांगण'मध्ये रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' हा स्वतंत्र गट आहे. नवरा केंद्रात असताना घरी उरलेली बाईही थकलेली, धास्तावलेली असते, हे ओळखणारी संस्था पुढचा विचार करते असे समजावे. स्त्री-रुग्णांसाठी वेगळा विभाग आणि स्त्री कर्मचारी आहेत काय, हेही विचारावे. पुष्कळ ठिकाणी ते नसतात.

खरी कसोटी लागते ती रुग्ण घरी परतल्यावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मते, उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के आहे. रक्तदाब आणि दम्यासारख्या दीर्घ आजारांत उपचार सुटण्याचेही प्रमाण असेच असते. तेव्हा 'शंभर टक्के यश' सांगणाऱ्या केंद्राला ते यश कधी व कसे मोजले, हे विचारून पाहावे. दाराबाहेर पडलेल्या दिवशी सगळेच व्यसनमुक्त असतात! वर्षभर पाठपुरावा कोण करणार, आठवड्याची बैठक कोठे असते, घसरण झाल्यास पुन्हा घेता काय, हे आधीच ठरलेले असावे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा राज्यातील अनेक शहरांत होतात आणि त्यांना शुल्क नसते. गर्दच्या रुग्णाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. काही आठवडे पदार्थ न घेतल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अशा वेळी त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. ही गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना केंद्रातून निघण्यापूर्वी सांगितली गेली पाहिजे.

पैसे भरण्यापूर्वी केंद्र एकदा दिवसाढवळ्या पाहून यावे. स्वयंपाकघर, शौचालये आणि एका खोलीत किती खाटा आहेत हे पाहावे. जमल्यास एखाद्या रुग्णाशी कर्मचारी जवळ नसताना दोन शब्द बोलावे. शुल्कात औषधे व तपासण्या धरल्या आहेत काय, रुग्ण मध्येच घरी गेल्यास किती रक्कम परत मिळते, हे लेखी घ्यावे. विम्यावर फारशी भिस्त ठेवू नये. मानसिक आजारांना विमासंरक्षण देण्याचे बंधन कायद्यात असले, तरी बहुतेक पॉलिसींत व्यसनावरील उपचार वगळलेले असतात.

उपचारांना गेल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती अनेक पालकांना वाटते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ते काढून घेता येते. केंद्राला सरकारी मान्यता आहे काय, हे विचारण्याचे हे आणखी एक कारण. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक सल्ला मराठीतूनही मिळतो. रुग्णाला फिट आली, तो भ्रमिष्टासारखा बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर कोणत्याही केंद्राला दूरध्वनी करीत न बसता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्याला थेट रुग्णालयात न्यावे.